लँडिंगला विमान उसळलं तर: सोलोच्या तोंडावर असलेल्यांसाठी

शिकाऊ वैमानिकाचं विमान मोडतं ते बहुतेक वेळा धावपट्टीवर, नाहीतर तिच्या कडेच्या गवतात. इंजिन ठणठणीत असतं, आकाश मोकळं असतं, वारा बेताचा असतो. चाकं टेकतात, विमान उसळतं आणि पुढच्या तीन-चार सेकंदांत हात काय करतात यावर सगळं ठरतं. संध्याकाळी लॉगबुकात एक साधी ओळ भरायची की अपघाताचा जबाब लिहायचा, हे तिथेच ठरून जातं.

मी विमान उडवायला शिकवते. विद्यार्थ्याला सोलोला, म्हणजे एकट्याने उडायला, पाठवायची वेळ आली की मी उतरते आणि हातातला छोटा रेडिओ घेऊन धावपट्टीपासून सुरक्षित अंतरावर उभी राहते. आत बसलेल्याला जे दिसत नाही ते तिथून स्वच्छ दिसतं. पहिल्या उसळीने विमान क्वचितच मोडतं. सेस्ना १७२ या छोट्या विमानाच्या मुख्य चाकांचे पाय लवचिक पोलादाचे असतात, ते बराच मार सोसतात. मोडतोड होते ती दुसऱ्या आणि तिसऱ्या आदळण्यात, आणि ते आदळणं ओढवून घेतो तो वैमानिकाचा हात. म्हणून सोलोआधी हे काम हातांना शिकवून ठेवायचं. डोक्याला माहीत असून भागत नाही, कारण त्या क्षणी डोकं मागे पडलेलं असतं.

पुढचे आकडे मी सेस्ना १७२ एस धरून देते आहे. तुमचं विमान वेगळं असेल तर तुमच्या हँडबुकातलेच आकडे पाठ करा, माझे नव्हे.

उसळीत नेमकं काय होतं

मुख्य चाकं विमानाच्या गुरुत्वमध्याच्या मागे असतात आणि नाकाचं चाक पुढे. मुख्य चाकं आधी टेकली तर नाक खाली यायला बघतं, पंखाचा वाऱ्याशी असलेला कोन कमी होतो, उचल घटते आणि विमान जमिनीला धरून राहतं. नाकाचं चाक आधी टेकलं तर सगळं उलटं. जमीन नाकाला वर ढकलते, कोन वाढतो, उचल वाढते आणि विमान पुन्हा हवेत जातं, तेही नाक वर करून, वेग गमावत.

आता आत बसलेल्याला समोर फक्त आकाश दिसतं. घाबरून तो योक (हातातलं सुकाणू; पुढे ढकललं की नाक खाली, ओढलं की वर) पुढे ढकलतो. हे सगळेच करतात, हुशार विद्यार्थीसुद्धा. पण विमान हाताला उत्तर द्यायला थोडा वेळ घेतं. उत्तर येतं तोवर विमान आपणहूनच खाली यायला लागलेलं असतं, त्यात तुमचा धक्का मिसळतो आणि नाकाचं चाक पहिल्यापेक्षा जोरात आदळतं. मग तो योक मागे खेचतो, पुन्हा उशिरा. झोपाळ्याला नेमक्या वेळी धक्का दिला की तो दरवेळी जास्त उंच जातो, तसा इथे प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होतो. तिसऱ्या आदळण्याला नाकाच्या चाकाचा पाय वाकतो किंवा मोडतो आणि प्रॉपेलर धावपट्टीला घासतो. १७२ मध्ये तो पाय इंजिनामागच्या फायरवॉलला जोडलेला असतो, त्यामुळे फायरवॉलच्या पत्र्याला सुरकुत्या पडतात. त्या बाहेरून नजरेत भरत नाहीत.

योक पुढे-मागे करून हा हेलकावा सावरायला जाऊ नका. अनुभवी वैमानिकही त्या नादी लागत नाहीत. हेलकाव्यातून निघायची वाट एकच: इंजिनाची पूर्ण ताकद, नाक स्थिर, आणि पुन्हा वर. यालाच गो-अराउंड म्हणतात.

छोट्या उसळीचं काय, असं सगळे विचारतात. चाकं हातभर उचलली गेली, नाक जिथे होतं तिथेच आहे, पट्टी भरपूर उरली आहे, तर लँडिंगची नाकाची स्थिती तशीच धरून, किंचित ताकद देऊन विमानाला हळू बसू देता येतं. पुस्तकं हेच सांगतात आणि ते बरोबर आहे. तरीही पहिल्या काही सोलोंसाठी माझा नियम याहून कडक असतो: कोणतीही उसळी, छोटी असो की मोठी, गो-अराउंड. उसळी केवढी होती हे मोजायला नजर सरावलेली लागते, आणि ती सरावायला वेळ लागतो. मोजत बसण्यात जे दोन सेकंद जातात, तेच तर हवे असतात.

उसळीचं मूळ बहुधा फायनलवर (उतरण्याच्या शेवटच्या सरळ टप्प्यावर) असतं

१७२ एसमध्ये पूर्ण फ्लॅपला (पंखांच्या मागच्या कडेचे झुकणारे भाग पूर्ण खाली असताना) स्टॉलचा, म्हणजे ज्याखाली पंख पुरेशी उचल देत नाही तो, दर्शवलेला वेग साधारण ४० नॉट (ताशी सागरी मैल) आणि नेहमीच्या अप्रोचचा, म्हणजे पट्टीकडे उतरत येतानाचा, वेग ६० ते ७० नॉट. समजा ६५ ठरवलाय आणि तुम्ही ७५ ने आलात. दहा नॉट म्हणजे फार नाही असं वाटतं. पण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ६५ च्या जागी ७५ म्हणजे तब्बल एक तृतीयांश जास्त ऊर्जा, आणि ती कुठेतरी खर्च व्हायलाच हवी. जमिनीलगत, पंखांच्या लांबीइतक्या उंचीच्या आत, पंखाचा ओढ, म्हणजे हवेचा मागे खेचणारा विरोध, कमी होतो. त्यामुळे विमान पट्टीवरून तरंगत पुढे पुढे जात राहतं. पट्टी संपायला लागलेली दिसते, धीर सुटतो आणि विद्यार्थी योक पुढे दाबून विमान जबरदस्तीने टेकवतो. नाकाचं चाक आधी. वरची सगळी गोष्ट इथून सुरू होते.

सोलोत याला आणखी एक कारण जोडलं जातं. शेजारचं आसन रिकामं असतं. इन्स्ट्रक्टरचं वजन गेल्याने विमान हलकं झालेलं असतं: चढतं पटकन, उतरताना तरंगतं जास्त. सवयीच्या ठिकाणी ताकद कमी केली तरी उंची जास्त राहते. सोलोला सोडण्याआधी मी हे विद्यार्थ्याला मोठ्याने सांगायला लावते: "विमान आज जास्त तरंगणार आहे, मी वाट बघणार आहे, दाबणार नाही."

नजर कुठे आहे तेही महत्त्वाचं. फ्लेअरच्या वेळी, म्हणजे टेकण्याआधी नाक हळूच वर घेताना, नजर नाकाच्या लगेच पुढच्या जमिनीवर असेल तर जमीन अंगावर धावून येते आणि हात योक झटकन मागे ओढतो. नजर पट्टीच्या दूरच्या टोकाकडे न्या. उंचीचा अंदाज कडेच्या नजरेतून आपोआप येतो. हे एक सुधारलं तर निम्म्या उसळ्या होतच नाहीत, असं माझं मत आहे.

मी विद्यार्थ्यांना दोन फाटकं ठरवून देते. जमिनीपासून ३०० फुटांवर वेग, उंची, दिशा आणि फ्लॅप ठरल्याप्रमाणे नसतील तर गो-अराउंड. पट्टीचा पहिला तृतीयांश संपेपर्यंत चाकं टेकली नाहीत तरी गो-अराउंड. या दोन्ही निर्णयांवर हवेत विचार करायचा नसतो. ते जमिनीवर, चहू बाजूंनी शांतता असताना घेतलेले असतात. हवेत फक्त पाळायचे.

गो-अराउंड: हातापायांची कामं

फायनलला वळल्यापासून ते चालण्याच्या गतीने टॅक्सी करेपर्यंत, म्हणजे विमान जमिनीवर चालवेपर्यंत, उजवा हात थ्रॉटलवरून (इंजिनाची ताकद कमी-जास्त करणाऱ्या दांड्यावरून) हलवायचा नाही. ट्रिमला (योकवरचा जोर कमी करणाऱ्या चाकाला) गेला तर लगेच परत. मी कित्येकांना पाहिलंय की फ्लेअर सुरू झाला की दोन्ही हात योकवर येतात. दोन हातांनी ओढलं तर विमान जास्त ऐकतं असं त्यांना वाटतं. उसळी आली की थ्रॉटल शोधण्यातच वेळ जातो.

उसळी जाणवली, की थ्रॉटल पूर्ण आत. हळूहळू नाही, पण झटका देऊनही नाही. मनात एक-दोन म्हणता येईल इतक्या वेळात. कार्ब्युरेटर असलेल्या विमानात, म्हणजे सेस्ना १५२ सारख्यात, कार्ब हीटही (कार्ब्युरेटरला गरम हवा देणारी सोय) त्याच हालचालीत बंद करायची, नाहीतर पूर्ण ताकद मिळत नाही. १७२ एसला इंधन इंजेक्शनने जातं, त्यामुळे तिथे हे काम नाही.

थ्रॉटल आत जाताना रडरच्या (शेपटीवरच्या, दिशा धरणाऱ्या सुकाणूच्या) पेडलवरचा उजवा पाय पुढे गेलाच पाहिजे. वैमानिकाच्या आसनावरून पाहिलं तर या विमानांचा प्रॉपेलर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो. कमी वेग, वर असलेलं नाक आणि पूर्ण ताकद एकत्र आली की नाक डावीकडे जोरात ओढलं जातं. पाय झोपलेला असेल तर विमान डावीकडे वळतं, डावा पंख आधी स्टॉल होतो आणि खाली पडतो. सोलोतल्या फसलेल्या गो-अराउंडनंतर विमान धावपट्टीच्या डाव्या गवतात सापडतं, त्यामागे बहुतेक वेळा हेच असतं. म्हणून हात आणि पाय ही दोन वेगवेगळी कामं समजू नका. उजवा हात पुढे, उजवा पाय पुढे, एकाच वेळी.

तिसरी गोष्ट सगळ्यात कमी शिकवली जाते असं मला वाटतं: ट्रिम. फायनलवर तुम्ही विमान ६५ नॉटला, कमी ताकदीवर, ट्रिम केलेलं असतं. त्यावर पूर्ण ताकद दिली की नाक आपणहून वर जातं, बरंच वर. योकवर पुढे चांगलाच जोर लावावा लागतो, आणि ज्याने तो आधी अनुभवलेला नाही त्याला वाटतं की विमानात काहीतरी बिघडलंय. नाक साधारण क्षितिजावर धरून ठेवा. चढायची घाई नको. आधी वेग येऊ द्या, विमान पट्टीला समांतर धावू द्या.

मग फ्लॅप, एक एक टप्प्याने. पूर्ण फ्लॅपवरून आधी २० अंश. ओढ झटकन कमी होतो आणि उचल फारशी जात नाही. सगळे फ्लॅप एकदम वर केले तर विमान खाली बसतं, आणि तुमच्याकडे खाली बसायला उंचीच नसते. वेग ६० नॉट, विमान खरंच चढतंय हे उंचीमापकावर आणि बाहेरही दिसतंय, अडथळे मागे पडले, मग १० अंश, मग शून्य. ट्रिम करा. योकवरचा जोर गेला की छातीवरचं ओझंही उतरतं.

रेडिओ सगळ्यात शेवटी. विमानतळाच्या टॉवरला तुम्ही दिसत असता. विमान चढतंय, वेग धरला आहे, मगच "गोइंग अराउंड" म्हणा. कुणी मध्येच काही विचारलं तरी उत्तर थांबवायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

आता दोन अपवाद, आणि ते तितकेच पक्के लक्षात ठेवायचे. प्रॉपेलर जमिनीला लागल्याची शंका असेल, खडखड ऐकू आली असेल, इंजिन थरथरत असेल, तर गो-अराउंड करू नका. थ्रॉटल बंद, विमान खालीच ठेवा, पट्टीबाहेर गेलं तर जाऊ द्या. दुसरा: वेग पार मरलेला आहे, पट्टीचं टोक समोर आहे आणि पुढे झाडं आहेत, तेव्हाही खालीच राहा. २० नॉटने कुंपणाला धडकणं आणि ६० नॉटने झाडावर पडणं यांत ऊर्जेचा फरक नऊपट आहे. पट्ट्यांनी बांधलेला माणूस २० नॉटच्या धडकेतून सहसा चालत बाहेर येतो.

सराव कसा करायचा

सुरुवात उभ्या विमानात करा. परवानगी घेऊन, मास्टर (विजेचा मुख्य खटका) बंद, किल्ली बाहेर, कुणीतरी शेजारी. डोळे मिटून थ्रॉटल, फ्लॅपचा खटका, ट्रिमचं चाक, मिक्श्चर (हवेत इंधन किती मिसळायचं ते ठरवणारा दांडा), इंधनाची झडप, दाराची कडी यांना हात लावा. इन्स्ट्रक्टरने "उसळी!" म्हटलं की हात, पाय, नाक, फ्लॅप हा क्रम बोलत बोलत करा. घरी खुर्चीत बसूनही हा सराव होतो आणि तो पोरकटपणा अजिबात नाही.

मग हवेत, भरपूर उंचीवर, जमिनीपासून ३००० फूट तरी वर. पूर्ण फ्लॅप लावा, ६५ ला ट्रिम करा, ताकद शून्य करा आणि फ्लेअर करावा तसं नाक उचला. त्या स्थितीतून ट्रिमला हात न लावता पूर्ण ताकद द्या. नाक किती वर जायला बघतं, योक किती जड होतो, पाय किती द्यावा लागतो, हे हाताला कळू द्या. एकदा मुद्दाम थोडा कमी पाय देऊन नाक कसं सरकतं तेही इन्स्ट्रक्टरसोबत बघा. त्यानंतर सर्किटमध्ये (धावपट्टीभोवतीच्या ठरलेल्या फेरीत) ३०० फुटांवरून, मग ५० फुटांवरून, मग थेट फ्लेअरमधून गो-अराउंड. आणि शेवटी इन्स्ट्रक्टरने स्वतः एक सौम्य उसळी घडवून त्यातून गो-अराउंड तुमच्याकडून करून घ्यायचा. हे झाल्याखेरीज मी सोलोला सही करत नाही. तुमच्या इन्स्ट्रक्टरने हे केलं नसेल तर मागून घ्या, स्पष्ट शब्दांत.

यात नवं काही नाही. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाचे कितीतरी तरुण शत्रूशी गाठ पडण्याआधीच शिकताना मेले. तेव्हाच्या शिकवणीत धोकादायक अवस्था टाळायला सांगत, त्यांतून बाहेर यायला शिकवत नसत. १९१७ मध्ये रॉबर्ट स्मिथ-बॅरी यांनी इंग्लंडमधल्या गॉसपोर्टला हे बदललं. विद्यार्थ्याला दुहेरी नियंत्रणाच्या अॅव्हरो विमानात बसवायचं, विमान मुद्दाम त्या अवस्थांत न्यायचं आणि त्यालाच बाहेर काढायला लावायचं. शंभर वर्षं उलटली तरी उसळीच्या बाबतीत अजून कितीतरी ठिकाणी "उसळू देऊ नकोस" एवढंच सांगून पाठवतात. मला याचा मनापासून राग येतो.

इन्स्ट्रक्टर सोबत असतानाही अपघात होतात, आणि त्यांतले काही केवळ विमान कुणाच्या हातात आहे हे न कळल्यामुळे. "आय हॅव कंट्रोल" ऐकलं की हात-पाय सोडा आणि "यू हॅव कंट्रोल" असं मोठ्याने म्हणा. अर्धवट धरून ठेवलेला योक दोघांनाही फसवतो.

वारा

थोडक्यात सांगते. पट्टीशी ३० अंशांच्या कोनात येणारा वारा निम्मा आडवा लागतो, ६० अंशांत जवळजवळ नऊ दशांश. १७२ एसच्या हँडबुकात १५ नॉट आडवा वारा दाखवून दिलेला म्हणून नोंदला आहे. तो कसलेल्या चाचणी वैमानिकाने दाखवलेला आहे. तुमची मर्यादा तुमचा इन्स्ट्रक्टर ठरवेल आणि ती त्याहून बरीच खाली असेल. चाकं टेकल्यावर योक वाऱ्याच्या बाजूला वळवत न्या, पूर्ण वळेपर्यंत. दिशा पायांनी धरा. ब्रेक जोरात मारू नका. विमान थांबेपर्यंत ते उडतच आहे असं धरून चाला.

गो-अराउंडनंतर हात थरथरत असतील तर

थरथरणारच. १००० फुटांपर्यंत चढा, विमान ट्रिम करा, सर्किट मोठं घ्या. टाकीत पुरेसं इंधन असल्याची खात्री निघताना केलेलीच आहे. आता त्याचा उपयोग करा. लगेच उतरायची काहीही घाई नाही. रेडिओवर सरळ सांगा की मी विद्यार्थी आहे, सोलो आहे, मला थोडा वेळ हवा आहे. टॉवर इतरांना दूर ठेवतो.

सप्टेंबर २०१८ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, बेव्हर्ली विमानतळावर, सतरा वर्षांची एक विद्यार्थिनी पायपर विमानातून एकटी निघाली आणि टेकऑफच्या वेळी विमानाचं एक मुख्य चाक निखळलं. एक इन्स्ट्रक्टर रेडिओवर तिच्याशी शांतपणे बोलत राहिला, आणि ती सुखरूप उतरली. माझ्या विद्यार्थ्यांना मी हा प्रसंग आवर्जून सांगते, कारण तिने मदत येऊ दिली. खालून बोलणाऱ्यांनीही यातून शिकावं. उसळीच्या क्षणी मी फक्त दोन शब्द बोलते: "पॉवर. रडर." लांबलचक सूचना त्या तीन सेकंदांत कुणाच्याही कानात शिरत नाही.

अपघात झालाच तर

विमान थांबेपर्यंत ते चालवत राहा. डोळे मिटून योक सोडून देणारे असतात. शेवटच्या काही मीटरांतही पायाने झाड किंवा खड्डा चुकवता येतो. आदळणार हे कळलं आणि क्षण हाताशी असेल तर दाराची कडी आधीच उघडा, म्हणजे चौकट वाकली तरी दार अडकणार नाही.

थांबलं की थ्रॉटल बंद, मिक्श्चर पूर्ण बाहेर, इंधनाची झडप बंद, मॅग्नेटो (इंजिनाला ठिणगी देणारी यंत्रणा) बंद. रेडिओवर एक वाक्य बोलता आलं तर बोला, मग मास्टर बंद. इंधनाचा वास किंवा धूर असेल तर वाक्यही नको. हेडसेट काढा, पट्टा सोडा, बाहेर पडा. हेडसेटची वायर गळ्यात अडकून लोक आत राहिले आहेत, म्हणून आधी हेडसेट. मऊ जमिनीत नाक रुतलं तर उंच पंखाची ही विमानं पाठीवर उलटतात. तसं झालं तर पट्टा सोडण्याआधी एक हात छताला टेकवा, नाहीतर मानेवर पडाल. बाहेर आल्यावर प्रॉपेलरपासून लांब, विमानाच्या मागच्या बाजूने, वाऱ्याच्या दिशेविरुद्ध चालत दूर जा, म्हणजे धूर आणि वाफा तुमच्यापासून लांब जातील. कॅमेरा, बॅग, लॉगबुक काहीही घ्यायला परत जाऊ नका.

विमानतळापासून दूर पडला असाल तर आपत्कालीन ट्रान्समीटर चालू आहे का हे महत्त्वाचं. धक्क्याने तो आपोआप सुरू व्हायला हवा. पॅनलवरच्या खटक्याने हातानेही सुरू करता येतो. उपग्रहांची शोधयंत्रणा १ फेब्रुवारी २००९ पासून फक्त ४०६ मेगाहर्ट्झ ऐकते. १२१.५ मेगाहर्ट्झवरचा संकेत जवळच्या विमानांना आणि शोध पथकालाच उपयोगी पडतो. तुमच्या विमानात कोणता ट्रान्समीटर आहे, आगीचा सिलिंडर कुठे बसवला आहे, हे आजच जाऊन बघा.

"मला काही झालं नाही" असं वाटत असलं तरी डॉक्टरकडे जा. त्या वेळी वेदना कळत नाहीत. मान, पाठ आणि पट्ट्याने दाबलेलं पोट तपासून घ्या.

विमानाला हात लावू नका. माणसं वाचवण्यासाठी किंवा आग विझवण्यासाठी लागेल तेवढंच हलवायचं. खटके "नीट" करून ठेवायला कुणी सांगितलं तरी नाही. बाहेर पडताना तुम्ही जे खटके बंद केलेत ते कोणते, हे मात्र लगेच लिहून ठेवा.

त्याच दिवशी, कुणाशीही चर्चा करण्याआधी, स्वतःच्या हाताने सगळं लिहा. वारा किती सांगितला होता, फायनलवर वेग किती दिसला, फ्लॅप किती होते, पहिल्यांदा चाकं कुठे टेकली, त्यानंतर हातांनी काय केलं. जे पाहिलं ते वेगळं आणि जे वाटतंय ते वेगळं लिहा. चार मित्रांनी आपापले तर्क सांगितले की तिसऱ्या दिवशी त्यांचे तर्क तुमच्या आठवणी होऊन बसतात.

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या करारातलं १३ वं परिशिष्ट १९५१ मध्ये स्वीकारलं गेलं. तपासाचा हेतू पुढचे अपघात टाळणं हा आहे, दोष वाटणं हा नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. नुसता प्रॉपेलर, टायर किंवा पंखाचं टोक खराब झालं आणि कुणाला गंभीर इजा नसेल तर त्याच्या व्याख्येत तो अपघात गणला जात नाही. पण याचा अर्थ सांगायची गरज नाही असा घेऊ नका. काय कळवायचं, कुणाला आणि किती वेळात, हे तुमच्या देशाचे नियम ठरवतात. ते सोलोआधी वाचलेले हवेत.

आणि इथे मला थोडं थांबून बोलायचं आहे. जोरात आदळलात, उसळलात, पण विमान सरळ चालत पार्किंगला आलं. कुणी पाहिलं नाही. उतरून एक चक्कर मारली, सगळं ठीक दिसलं. तरी सांगा. फायरवॉलच्या सुरकुत्या कवचाखाली असतात. प्रॉपेलरचं टोक जेमतेम वाकलेलं दिसतं, पण तो धक्का इंजिनाच्या आतल्या क्रँकशाफ्टपर्यंत (प्रॉपेलर फिरवणाऱ्या दांड्यापर्यंत) गेलेला असू शकतो. म्हणून प्रॉपेलर जमिनीला लागला की इंजिन तपासल्याखेरीज उडवत नाहीत. तुम्ही गप्प राहिलात तर पुढच्या तासाला त्याच विमानात दुसरा विद्यार्थी बसेल, कदाचित त्याचा पहिला सोलो असेल. सांगणाऱ्याला रागावणारी शाळा स्वतःच पुढचा अपघात घडवत असते. माझ्याकडे कुणी येऊन म्हणालं, "मॅडम, जोरात आदळलं, बघून घ्या," तर मी आधी आभार मानते, मग विमान बाजूला काढते. तपासणीत काही निघालं नाही तरी त्या विद्यार्थ्याला कुणी बोल लावलेला मला चालत नाही.

पुन्हा उडताना

घाई नको, पण महिनोन्महिने लांबवणंही नको. झोप उडाली असेल, डोळे मिटले की पट्टी दिसत असेल, धावपट्टी जवळ आली की हात आखडत असतील, तर विमान वैद्यकशास्त्र जाणणाऱ्या डॉक्टरशी बोला. ही कमजोरी नाही, दुखापत आहे.

पहिलं उड्डाण इन्स्ट्रक्टरसोबत, आणि ती परीक्षा नसावी. मी अशा विद्यार्थ्याला सर्किटपासून दूर नेते. वळणं, चढ, उतार, हळू उडणं. विमान हातात आहे हे त्याला पुन्हा जाणवू देते. लँडिंग त्या दिवशी मी केलं तरी चालतं. पुढच्या खेपेला उंचीवरचा गो-अराउंड, मग सर्किट, मग फ्लेअरमधून गो-अराउंड, आणि ज्या दिवशी तो स्वतः म्हणेल त्या दिवशी माझ्या हातून घडवलेली उसळी. त्यातून तो शांतपणे वर गेला की मी सोलोचा विचार करते. त्याचं नाव घेऊन वर्गात गोष्ट सांगायची नाही, हा नियम इन्स्ट्रक्टरांनी पाळावा. सांगायची असेल तर त्याने सांगावी.

त्या सोलोसाठी सकाळचा शांत वारा निवडा, ओळखीची पट्टी आणि तेच विमान किंवा त्याच जातीचं. मी पहिल्या फेरीत उतरायची परवानगी देत नाही. पहिला अप्रोच ठरवून गो-अराउंडसाठीच: पूर्ण फ्लॅप, ६५ नॉट, ५० फुटांवर थ्रॉटल पूर्ण आत, उजवा पाय, नाक धरून, फ्लॅप २०. टॉवरला हे आधीच कळवलेलं असतं. दुसऱ्या फेरीत उतरायचं की नाही हे विद्यार्थी डाउनविंडवर (पट्टीला समांतर, उलट दिशेने जाताना) स्वतः ठरवतो आणि रेडिओवर सांगतो. तिसरा गो-अराउंड केला तरी मी खालून काही बोलत नाही.